इजिप्तच्या वाळूंतील सागवान

प्राचीन काळच्या नौकांची गोष्ट निघाली कीं आमच्या सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम नाईल नदी उभी राहते. शाळेच्या पुस्तकांतून, पदार्थसंग्रहालयांतून व चित्रांतून इजिप्तच्या होड्या आम्हां सर्वांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. परंतु ज्या साष्टी बेटावर आम्ही राहतों, त्याच्या भोंवतालच्या बंदरांतून दोन हजार वर्षांपूर्वीं कसल्या नावा निघत, त्या कोण बांधी व कशा बांधी, असें कोणीं विचारल्यास आमच्यांतील फार थोड्यांस उत्तर देतां येईल. साकीनाक्यास राहणाऱ्या आमच्यासारख्यांस तर समुद्र हा विषयच परका वाटतो. चहूंकडे कारखाने, गोदामें व अंधेरी-घाटकोपर रस्त्यावरील वाहनांची न संपणारी रांग. जवळून वाहणारी मिठी ही नदी आहे याची आठवण मुसळधार पाऊस पडला म्हणजेच व्हावयाची. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां ही नदी माहीमच्या खाडीस मिळते आणि खाडींत भरती येते, हा भूगोलाचा धडा साऱ्या उपनगरास एका दिवसांत नव्यानें शिकावा लागला.

इजिप्तच्या नौका आम्हांस माहीत आहेत आणि आमच्या माहीत नाहींत, याचें कारण काय? आमच्याकडे नौका नव्हत्या, किंवा असल्या तरी क्षुल्लक होत्या, असा समज पुष्कळांचा आहे. तो चुकीचा आहे असें आम्हांस वाटतें, आणि त्याचीं कारणें वाचकांपुढें मांडण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम इजिप्तकडे पाहूं. त्या देशास मोठ्या वृक्षांचें दुर्भिक्ष. बाभळीच्या व उंबराच्या जातीचीं झाडें होतीं, पण त्यांच्या लांब फळ्या निघत नसत. म्हणून अगदीं प्रारंभीं नाईलच्या दलदलींत उगवणाऱ्या पपायरस नांवाच्या लव्हाळ्याच्या जुड्या बांधून लोक तराफे करीत. पुढें लांकडाच्या होड्या आल्या तरी दोन्ही टोकांस वर वळलेला तो तराफ्याचा आकार त्यांनीं पुष्कळ काळ सोडला नाहीं. नदीची सोयही विलक्षण. प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेस वाहतो आणि वारा बहुधा उत्तरेकडून येतो. म्हणजे खालीं जातांना प्रवाहावर सोडून द्यावें व वर येतांना शीड उभारावें. त्यांच्या चित्रलिपींतही दक्षिणेच्या प्रवासास शीड उभारलेली नाव व उत्तरेच्या प्रवासास शिडावांचूनची नाव काढीत असत. ख्रिस्तपूर्व ५ व्या शतकांत हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार तेथें गेला, तेव्हां नाईलवरचे नावाडी बाभळीच्या दोन-दोन हात लांबीच्या फळ्या विटांप्रमाणें रचून होडी बांधतात व फटी पपायरसनें बुजवितात असें त्यास दिसलें. लांकूड आंखूड मिळालें म्हणून हे कारागीर अडून बसले नाहींत.

राजांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्यासाठीं लेबनॉन पर्वतावरून देवदाराच्या जातीचें लांकूड येई. १९५४ सालीं गीझा येथील खुफू राजाच्या मोठ्या पिरॅमिडच्या दक्षिणेस, दगडी लाद्यांखालीं झांकलेला एक लांबट खंदक कमाल अल्-मल्लाख यांनीं उघडला. त्यांत सुमारें ४५०० वर्षांपूर्वींची एक नौका सुटी करून, तिचे १२२४ तुकडे थरावर थर रचून ठेविलेले होते. जोडल्यावर तिची लांबी सुमारें ४३ मीटर भरली. ह्या नौकेस गलबताच्या तळाशीं असतो तसा कणा नाहीं. फळ्यांच्या आंतल्या अंगास तिरकस भोंकें पाडून त्यांतून दोर ओंवलेला आहे, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साऱ्या फळ्या एकत्र आवळल्या आहेत. भोंकें आरपार नसल्यामुळें बाहेरून एकही टांका दिसत नाहीं. पाण्यांत लांकूड फुगलें व दोर आटला कीं सांधे आपोआप घट्ट बसत. सारांश, जगांतील ही अत्यंत प्राचीन मोठी नौका ठोकलेली नसून शिवलेली आहे.

तिचे तुकडे जोडण्याचें काम अहमद यूसुफ मुस्तफा यांजकडे आलें. तुकडे आहेत, पण जोडावयाचे कसे हें सांगणारा कागद नाहीं. अशा स्थितींत त्यांनीं काय केलें तें आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण पुढें त्याचा उपयोग आहे. नाईलच्या कांठीं त्या वेळीं जे कारागीर लांकडी होड्या बांधीत होते, त्यांच्याकडे ते गेले, त्यांचें काम पाहिलें आणि फळी कशी वांकवितात, कोठून प्रारंभ करितात, हें शिकून घेतलें. त्यानंतर दशकाहून अधिक काळ खपून नौका उभी राहिली. २०२१ च्या ऑगस्टमध्यें ती पिरॅमिडजवळच्या जागेंतून नव्या मोठ्या संग्रहालयांत नेण्यांत आली.

नदीवरच्या होड्यांनीं इजिप्तचें काम भागत नसे. धूप, हस्तिदंत वगैरे जिन्नस आणण्यासाठीं त्यांचीं जहाजें तांबड्या समुद्रांतून दक्षिणेकडे पुंट नांवाच्या देशास जात; हत्शेप्सुत राणीनें पाठविलेल्या अशा मोहिमेचें चित्र तिच्या देवालयाच्या भिंतींवर कोरलेलें आहे. तांबड्या समुद्राच्या कांठीं वादी गवासिस येथील गुहांमध्यें दोरखंडांचीं वेटोळीं व जहाजांच्या फळ्या सांपडल्या आहेत. नौकांचे सुटे भाग नाईलकांठून वाळवंटांतून तेथवर वाहून न्यावयाचे, समुद्राशीं जोडावयाचे, आणि परत आल्यावर पुनः सुटे करावयाचे, असा तो क्रम होता. शिवलेली नौका अशी सोडतां येते. ठोकलेली येत नाहीं.

आतां ह्याच समुद्राच्या दुसऱ्या कांठाकडे, म्हणजे आपल्याकडे, येऊं. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्यें राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक माहितीवजा पुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नांवानें ती प्रसिद्ध आहे; लेखकाचें नांव मात्र उरलें नाहीं. भडोचच्या दक्षिणेस त्यानें सोपारा, कल्याण व चौल हीं आपलीं तिन्ही बंदरें नांवानिशीं दिलीं आहेत. कल्याणच्या बंदरास राजकीय तंट्यामुळें अडथळा झाला असून तेथें चुकून शिरलेलें ग्रीक जहाज पहाऱ्यांत भडोचला नेतात, अशी तक्रारही त्यानें केली आहे. परंतु आमच्या विषयास अधिक उपयोगी अशी गोष्ट वेगळीच. भडोचहून मोठालीं जहाजें इराणी आखातांतील बंदरांस जातात आणि त्यांतून तांबें व सागवानाचें लांकूड जातें, असें तो सांगतो. आणि त्याच भागांत शिवलेल्या होड्या होतात, हेंही सांगतो. ज्या देशांत लांकूड नाहीं त्या देशास नौकेचें लांकूड पुरविणारा देश नौका बांधीत नसेल, ही कल्पना कोणास पटेल?

ह्या तोंडी साक्षीस दुसरी, हातांत धरतां येईल अशी साक्ष आतां मिळाली आहे. तांबड्या समुद्राच्या कांठीं टॉलेमी दुसरा या राजानें ख्रिस्तपूर्व ३ ऱ्या शतकांत वसविलेलें बेरेनिके नांवाचें बंदर आहे. १९९४ पासून तेथें पद्धतशीर उत्खनन चालू झालें. त्यांत हिंदुस्थानी बनावटीच्या एका रांजणांत साडेसात किलो काळीं मिरीं सांपडलीं, तीं वर्तमानपत्रांतून गाजलीं. पण आमच्या मतें त्याहून मोलाची वस्तु म्हणजे तेथील उत्तरकालीन इमारतींच्या भिंतींत बसविलेलें सागवान. साग इजिप्तमध्यें होत नाहीं. हें लांकूड हिंदुस्थानांतून आलेलें, आणि पुष्कळ अंशीं तें जुन्या जहाजांचें असावें, असें संशोधकांचें मत आहे. जहाज निकामी झालें, तें मोडलें, आणि जेथें काडी मिळण्याची मारामार तेथें त्याच्या तुळया भिंतींत गेल्या. तो साग सह्याद्रीचा कीं मलबारचा हा वाद बाजूस ठेवूं. पण हिंदी महासागर ओलांडून गेलेलें आमच्याकडचें लांकूड पंधराशें वर्षांहून अधिक काळ परक्या वाळूंत टिकलें, आणि त्याचीं भावंडें येथें मात्र नाहींशीं झालीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

येथें तीं नाहींशीं कां झालीं? कारण उघड आहे. इजिप्तची हवा कोरडी, वाळू कोरडी, आणि राजाच्या परलोकीच्या प्रवासासाठीं नौका जमिनींत जपून ठेवण्याची तेथील धर्मरीति. आमच्याकडे चार महिने पाऊस, खाडींत खारट चिखल, लांकडास वाळवी आणि समुद्रांत लांकूड पोखरणारा किडा. शिवाय आमच्या लोकांनीं नाव कोणासाठीं पुरून ठेविली नाहीं. चालेल तोंवर ती चालविली, आणि न चालेशी झाली म्हणजे तिच्या फळ्यांचें कांहींतरी केलें. ज्या वस्तूचा उपयोग शेवटच्या तुकड्यापर्यंत होतो ती वस्तु संग्रहालयापर्यंत पोंचत नाहीं. तेव्हां नौका सांपडत नाहींत म्हणून नौका नव्हत्याच, हें अनुमान बरोबर नाहीं.

प्रत्यक्ष नौका गेल्या, पण त्यांच्या छाया उरल्या. सोपाऱ्याचा पूर्ण नांवाचा व्यापारी व त्याच्या भावाचें वादळांत सांपडलेलें जहाज यांची कथा बौद्ध वाङ्मयांत प्रसिद्ध आहे. अजिंठ्याच्या २ ऱ्या लेण्यांत ५ व्या शतकांतील जें जहाजाचें चित्र आहे तें ह्याच कथेचें. त्यास तीन डोलकाठ्या आहेत, मागें सुकाणूचीं मोठीं वल्हीं आहेत, आंत रांजण ओळीनें मांडले आहेत, आणि नाळेवर डोळा काढला आहे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचें जहाज आहे. कान्हेरीचीं लेणीं तर आमच्या घरापासून कांहीं मैलांवर. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा व चौल येथील दात्यांचे उल्लेख सांपडतात, आणि ९० व्या लेण्यांत अवलोकितेश्वराच्या दोहों बाजूंस जीं संकटें कोरलीं आहेत त्यांत फुटणारी नाव हें एक आहे. समुद्रावर धंदा करणारांस कोणत्या संकटांतून सुटका हवी होती, हें त्या मूर्तिकारास ठाऊक होतें.

हीं जहाजें बांधीत कशीं, याविषयीं एका परदेशी प्रवाशाचा शब्द आम्हांस फार उपयोगी पडतो. १३२१ च्या सुमारास ओडोरिक नांवाचा एक ख्रिस्ती साधु इराणी आखातांतील होर्मुझ येथून निघून २८ दिवसांत ठाण्यास उतरला. ज्या जहाजांत तो बसला तें केवळ दोऱ्यानें शिवलेलें होतें व त्यांत लोखंड म्हणून आपणांस कोठें आढळलें नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. लोखंड नाहीं याचें त्यास नवल वाटलें. आमच्या नाखव्यांस तें वाटण्याचें कारण नव्हतें. नारळाच्या काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यास दाद देत नाहीं. शिवलेली नाव लाटेखालीं किंचित् लवते, वाळूवर आपटली तर तडकत नाहीं, आणि टांका तुटला तर तो किनाऱ्यावरच पुनः घालतां येतो. अशा नावेस दरवर्षीं उसवून शिवणें भाग पडे, तेल व राळ लावावी लागे, हा तिचा खर्च. येथें एक सावधगिरी मात्र हवी. इजिप्तची नौका शिवलेली व आमचीही शिवलेली, म्हणून एकानें दुसऱ्याची विद्या उचलली, असें म्हणणें धाडसाचें होईल. खुफूच्या नौकेंत दोर फळीच्या आंत लपलेला आहे. आमच्याकडे फळ्यांच्या कडांस आरपार भोंकें पाडून, सांध्यावर काथ्याची गादी ठेवून, तिच्यावरून टांके घालीत. दोन्ही मार्ग निराळे आहेत, आणि दोघांचा मान दोघांपाशीं ठेवावा हें बरें.

आतां आमच्या उपनगरांतीलच एका ठिकाणाविषयीं. बोरिवलीच्या पश्चिमेस एकसर गांवीं कांहीं वीरगळ आहेत. १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत त्यांची संख्या सहा दिली असून त्यांचें सविस्तर वर्णन आहे. साकीनाक्याहून आगगाडी बदलून मेट्रोनें थेट 'एकसर' या नांवाच्या स्टेशनावर उतरतां येतें. म्हणजे मध्ययुगांतील आरमार पाहण्यास तासाभराचा प्रवास पुरतो. एका रविवारीं आम्ही घरच्या मुलांस घेऊन तेथें गेलों. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. खालच्या चौकटींत लढाई, मधल्या चौकटींत धारातीर्थीं पडलेल्या वीरास नेणाऱ्या अप्सरा, आणि वर शिवलोक. येथें विशेष हा कीं कांहीं दगडांवर लढाई जमिनीवरची नसून पाण्यावरची आहे. लांबट, अरुंद, दोन्ही टोकांस उंचावलेल्या नावा एकीमागें एक चालल्या आहेत. कडेनें वल्ह्यांची रांग आहे. वर शस्त्रधारी माणसें दाटीनें उभीं आहेत. १२६५ च्या सुमारास देवगिरीचा महादेव यादव व उत्तर कोंकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यांत जें आरमारी युद्ध झालें, त्याचें हें स्मारक असें कित्येक संशोधक मानतात. कित्येक हे दगड त्याहून जुने ठरवितात. सोमेश्वर समुद्रांत बुडाला असें हेमाद्रीच्या ग्रंथांत आहे. लढाई कोणतीही असो, ज्यानें ह्या नावा कोरल्या त्यानें नावा पाहिल्या होत्या यांत शंका नाहीं.

आमच्याबरोबरच्या एका लहान मुलानें तेथें प्रश्न केला, "ह्या होडीच्या फळ्या खिळ्यांनीं ठोकल्या आहेत कीं दोरीनें बांधल्या आहेत?" आम्ही दगडाजवळ वांकून पुष्कळ वेळ पाहिलें. टांका दिसेना, खिळाही दिसेना. शिल्पकारास वीर दाखवावयाचा होता, सुताराचें काम नव्हे. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर हा लेख त्या प्रश्नामुळेंच लिहिला गेला. दगडानें आकार राखला. कृति राखली नाहीं.

कृति राहते ती कारागिराच्या हातांत. आमच्याकडील होडी बांधणारा सुतार कागदावर नकाशा काढीत नसे. पहिली लांब तुळई आंथरली, दोहों टोकांस नाळ व पिछाडी उभी केली, कीं पुढचें माप त्याच्या डोळ्यांत व बापाकडून शिकलेल्या प्रमाणांत असे. वांकड्या फांसळीसाठीं तो सरळ लांकूड कापून वांकडें करीत नसे. जंगलांत जाऊन तसेंच वाढलेलें झाड निवडी. ह्याच विद्येवर पुढें युरोपीय पद्धतीची भर पडून मुंबईच्या गोदींत मोठीं जहाजें झालीं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्यें सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याच्या हाताखालीं येथील सुतारांनीं सागवानाचीं जहाजें बांधलीं. १८१७ सालीं मुंबईस पाण्यांत सोडलेलें 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगतें आहे. म्हणजे आमचें सागवान जपलेलें पाहावयाचें तर पुनः परदेशींच जावें लागतें.

परंतु हातांतील विद्या हातांबरोबरच जाते. आज वर्सोवा, मढ, गोराई वगैरे कोळीवाड्यांच्या किनाऱ्यांवर फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्या हलक्या, डागडुजीस सोप्या, आणि सागवान महाग. कोळी बांधवांनीं त्या घेतल्या याबद्दल त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. लोखंडाचें कपाट घेतांना आम्हीं घरच्या सुताराचा विचार कोठें केला होता? प्रश्न इतकाच कीं लांकडी होडी गेल्यावर तिची विद्या कोणाजवळ राहणार?

ह्या प्रश्नाचें महत्त्व एका अलीकडच्या प्रयोगावरून दिसेल. अजिंठ्याच्या त्याच जहाजाच्या चित्रावरून भारतीय नौदलासाठीं गोव्यांत एक शिवलेलें शिडाचें जहाज बांधण्यांत आलें. काम २०२३ मध्यें सुरू झालें. २०२५ च्या फेब्रुवारींत जहाज पाण्यांत सोडलें, आणि त्याच वर्षीं २१ मे रोजीं कारवार येथें तें 'कौंडिण्य' या नांवानें नौदलांत दाखल झालें. डिसेंबरमध्यें तें पोरबंदरहून निघालें व २०२६ च्या जानेवारींत मस्कतला पोंचलें. चित्रांत फक्त बाहेरचा आकार. आंतलें कांहींच नाहीं. मग हें साधलें कसें? केरळांतील बाबू शंकरन् व त्यांचे सहकारी कारागीर यांच्या हातीं काथ्यानें फळ्या शिवण्याची कला अजून जिवंत होती, म्हणून साधलें. अहमद यूसुफ यांनीं नाईलकांठीं जें केलें तेंच येथें झालें. १२२४ तुकडे हातांत असूनही त्यांस जिवंत सुताराकडे जावें लागलें. आमच्याजवळ तर तुकडेही नाहींत. आमची गरज त्यांच्यापेक्षां मोठी आहे.

म्हणून वाचकांस एक विनंती करून हा लेख संपवितों. बेरेनिकेचें सागवान वाळूंत सुरक्षित आहे, आणि एकसरचे दगड, लोकांनीं लक्ष दिल्यास, आणखी कांहीं शतकें उभे राहतील. घाई आहे ती तिसऱ्या साक्षीदाराची. आमच्या वाचकांपैकीं कोणी वसईस, कोणी वर्सोव्यास, कोणी उरण-अलिबागकडे राहत असतील, किंवा तेथें त्यांचे आप्त असतील. होडी बांधलेला एखादा वृद्ध सुतार तेथें असेल तर त्याच्याजवळ एक दुपार बसावें. प्रत्येक फळीस तो काय म्हणतो, कोणतें लांकूड कोठें वापरतो, माप कशानें घेतो, पहिला खिळा कोणत्या दिवशीं व कोणत्या विधीनें ठोकतो, हें त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावें. त्यास विद्वत्तेची गरज नाहीं. वही, लेखणी आणि ऐकून घेण्याची तयारी पुरे. साकीनाक्याच्या त्या मुलाचा प्रश्न अजून आमच्या अंगावर आहे. त्याचें उत्तर एकसरच्या दगडांतून मिळालें नाहीं. पुढील रविवारीं त्यास घेऊन मढच्या किनाऱ्यास जावें असा आमचा विचार आहे.